मधुआत्याचा जबाब

मधुआत्याचे केस कापलेले होते. हॉलच्या दारातूनच उत्तराला ते दिसलं आणि साडीची पिशवी तिच्या हातून सुटता सुटता राहिली.

कमरेपर्यंतचा शेपटा होता आत्याचा. ऐंशी वर्षांत त्या केसांना कात्री लागली नव्हती. आणि आता चाकाच्या खुर्चीत, स्वेटरच्या लांब बाह्यांमध्ये हात लपवून बसलेली ती बाई, कानांच्या वर वेडेवाकडे कातरलेले पांढरे केस घेऊन, जमिनीकडे बघत होती.

ऐंशी वर्षं आणि आठ महिने. हजार पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला ओवाळायचं म्हणून टिपणिसांच्या घरातली उरलेली तीन माणसं त्या रविवारी कल्याणला गांधारीच्या बाजूच्या त्या ज्येष्ठ निवासात जमली होती. ‘निगुती’ असं त्याचं नाव. उत्तरा डोंबिवलीहून रिक्षानं आलेली, नव्या गुडघ्यावर अजून जरा लंगडत. धाकटा भाऊ सलिल आणि त्याची बायको क्षिप्रा घोडबंदर रोडवरून गाडीनं, दीड तास वाहतुकीत अडकून. निरांजनं होती, पेढे होते, आत्याच्या आवडीची पोपटी नारायणपेठ होती.

“केस?” उत्तरानं एवढंच विचारलं.

व्यवस्थापक कुंडलिक हसतमुख माणूस होता. “मॅडम, उवा झाल्या होत्या. सगळ्यांचेच कापले. स्वच्छता पाळावी लागते आम्हाला.”

“तिला विचारलंत?”

“त्यांना तसं समजत नाही हो आता फारसं.”

सलिलनं ताईच्या खांद्यावर हात ठेवला. “मी गेल्या महिन्यात आलेलो तेव्हा डोक्याला रुमाल बांधलेला होता. मला वाटलं थंडी वाजते. जाऊ दे ना ताई, केस काय, वाढतील.”

वाढतील. ज्या बाईनं सात वर्षांच्या उत्तराची वेणी घालून, तीन वर्षांच्या सलिलला कडेवर घेऊन, मग कल्याणच्या टेलिफोन एक्स्चेंजातली सकाळची ड्यूटी गाठली होती, तिच्याबद्दल तो बोलत होता. वहिनी, म्हणजे उत्तरा-सलिलची आई, गेली त्या वर्षी आत्यानं पुण्याहून बदली मागून घेतली, ठरलेलं लग्न मोडलं आणि भावाचा संसार अंगावर घेतला. त्याबद्दल ती कधी बोलली नाही. घरातल्या इतरांना मात्र ते पाठ होतं, आणि पाठ असलेल्या गोष्टीचं होतं तेच झालं होतं. कोणी त्याचा विचार करत नव्हतं.

“साडी मी नेसवते तिला,” उत्तरा म्हणाली.

“आमच्या मावशी नेसवतील. नातेवाइकांना खोल्यांमध्ये जायची परवानगी नाही, बाकीच्यांना त्रास होतो.”

“तिला मी नेसवणार.” आणि उत्तरानं खुर्ची ढकलायला सुरुवात केली. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईचा तो आवाज होता. कुंडलिक बाजूला झाला.

खोलीत तीन खाटा होत्या. एकीवर भिंतीकडे तोंड करून कोणी म्हाताऱ्या बाई झोपल्या होत्या, बारा वाजत आले तरी. फिनेलच्या वासाखाली आणखी एक वास होता.

“आत्या, मी आहे गं. उत्तरा.”

“दिसतेस,” आत्या म्हणाली. आवाज जड, जीभ अडखळत होती. “चष्मा नाही. ठेवून घेतलाय. पण दिसतेस.” मग खाली बघत म्हणाली, “दार लाव.”

उत्तरा दाराकडे गेली. दाराला आतून कडीच नव्हती. कडी जिथे असायची तिथे चार भोकं होती.

तिनं दार नुसतंच ढकललं आणि परत येऊन आत्याच्या अंगातला स्वेटर काढला. नोव्हेंबरच्या दुपारी कल्याणात कोणी स्वेटर घालत नाही, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं. दोन्ही मनगटांभोवती दोन बोटं रुंद काळानिळा पट्टा होता. उजव्या हाताची कातडी सोलवटून तिच्यावर खपली धरली होती. गाऊन वर केला तेव्हा माकडहाडापाशी रुपयापेक्षा मोठी जखम दिसली, ओली. वास तिचाच होता. आणि आत्या, जिला उचलायला पूर्वी दोन्ही हात लागले असते, ती उत्तरानं एका हातानं उभी केली.

“कोणी केलं हे?”

आत्याची नजर दाराकडे गेली आणि अंग आक्रसलं. दारात गंगुबाई उभी होती. इथली आया, पन्नाशीची, काटक.

“ताई, लवकर आवरा. साहेब येतायत,” ती हळूच म्हणाली.

“हात कोणी बांधले हिचे?”

गंगुबाईनं पदर तोंडाला लावला. मग काढला. “मीच.”

उत्तराचा हात उठलाच होता. तो तिनं कसा आवरला, तिलाच कळलं नाही.

“सहा वाजले की बांधायचे असा हुकूम आहे, ताई. बावीस म्हातारी माणसं न् मी एकटी. ही उठतात, दाराकडे जातात, पडली तर माझ्यावर येतं. मग गोळी द्यायची न् पट्टी बांधायची. मी सैल बांधायची, आवशीची शपथ. माझी सुट्टी असली की दुसरी येते, ती घट्ट बांधते.” ती जरा थांबली. “मी बांधले ते बांधलेच. खोटं नाय बोलणार.”

“मला का नाही सांगितलंस? दर शनिवारी फोनवर बोलत होते मी!”

“फोन कुणाच्या हातात असायचा, ताई?”

आणि मग एकाएकी उत्तराला सगळं आठवलं. जूनच्या अखेरीस गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला डोंबिवलीतल्या घराचे तीन मजले उतरणं बंद होतं, लिफ्ट नव्हती. दर शनिवारी निगुतीतून व्हिडिओ कॉल यायचा. आत्या पडद्यावर अंधुक दिसायची, हल्ली डोक्याला रुमाल बांधलेली, आणि म्हणायची, “लाइनवर तिसरं माणूस आहे गं.” एक नाही, दोन नाही, दर वेळी. ट्रंक कॉलच्या जमान्यात कोणी मधे ऐकत असलं की ऑपरेटर एकमेकींना असं सांगायच्या. हे उत्तराला माहीत होतं. लहानपणी एक्स्चेंजात स्टुलावर बसून तिनं ते ऐकलेलं होतं. आणि तरी तिनं सलिलला हसत सांगितलं होतं, “आत्या अजून एक्स्चेंजातच आहे रे. आता विसरायला लागली.”

आत्या विसरली नव्हती. ती सांगत होती. वीस-बावीस शनिवार सांगत होती.

उत्तरा खाटेच्या कडेवर बसली आणि आत्याच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. त्या सोलवटलेल्या हातानं आत्यानं तिच्या पाठीवर दोनदा थोपटलं.

“रड नंतर,” आत्या म्हणाली. “आधी मला इथून काढ.”

*

ऑफिसात कुंडलिकनं एक फाइल उघडून सलिलसमोर सरकवली. आवाज अजूनही गोडच होता.

“टिपणीस साहेब, कलम नऊ वाचा. ‘रहिवाशाच्या सुरक्षेसाठी आवश्यक तेव्हा हालचालींवर निर्बंध घालण्यास नातेवाइकांची संमती आहे.’ खाली सही तुमची आहे. आम्ही नियमाबाहेर काही केलेलं नाही.”

सलिलनं पान वाचलं. पुन्हा वाचलं. त्याचा चेहरा उतरला. एका मोठ्या कंपनीत तो करार तपासायचं काम करत होता. त्या कागदाची अठरा पानं त्यानं मार्चमध्ये गाडीत बसून, शेवटच्या पानापासून सुरुवात करून, पाच मिनिटांत सही करून दिली होती.

“ताई,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “जरा शांत राहू. यांच्याशी बोलून घेऊ. दुसरी जागा बघेपर्यंत आठ-दहा दिवस…”

“आठ-दहा दिवस? तू ये आत आणि बघ तिची पाठ. ये!”

“मी नाही बघू शकत गं.”

“मग तिनं कसं सोसलं?”

“आणि न्यायचंच असेल,” कुंडलिक मधे म्हणाला, “तर पंधरा दिवसांची लेखी सूचना लागते. तशी पद्धत आहे.”

इतका वेळ क्षिप्रा खिडकीपाशी उभी होती. उत्तराचं आणि तिचं फारसं सूत कधी जमलं नव्हतं. मार्चमध्ये आत्याला कुठे ठेवायचं हा प्रश्न निघाला तेव्हा सगळ्यांसमोर, आत्याच्याही समोर, हीच बाई म्हणाली होती, “माझ्याकडे नको. सकाळी आठला घर सोडते, रात्री आठला येते. माझी चिडचिड होईल आणि ती त्यांच्यावर निघेल.” उत्तरानं ते अजून माफ केलं नव्हतं. स्वतः तिनं जिन्याचं कारण सांगितलं होतं आणि सलिलनं ‘तिथे तुला सोबत मिळेल’ असं. त्यांची वाक्यं सौम्य होती, एवढाच फरक.

क्षिप्रानं मोबाइल काढला आणि आकडे दाबत म्हणाली, “एक चार पाच सहा सात. ज्येष्ठ नागरिकांची हेल्पलाइन आहे, आमच्या ऑफिसच्या लिफ्टमध्ये पोस्टर लावलंय. रोज वाचते.” तिनं फोन स्पीकरवर टाकला.

पलीकडची बाई शांतपणे ऐकत होती. मग तिनं विचारलं, “आजी आत्ता शुद्धीवर आहेत? त्यांना तिथून जायचंय?”

“जायचंय,” उत्तरा म्हणाली.

“मग कुठल्याही सूचनेच्या कागदावरून त्यांना कोणी अडवून ठेवू शकत नाही. आधी त्यांना सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयात न्या. डॉक्टरांना सगळ्या जखमा लिहून घ्यायला सांगा, पोलिसात जाणारी नोंद, एमएलसी म्हणा. फोटो काढा. अंगावरचे कपडे धुऊ नका. अडवलं तर एकशे बारा फिरवा आणि मलाही परत फोन करा.”

कुंडलिकचं हसू पहिल्यांदा मावळलं. पंधरा मिनिटांत आत्या गाडीच्या मागच्या सीटवर उशीला टेकून कुशीवर होती. गाडी सुरू व्हायच्या आधी क्षिप्रा खाली वाकली.

“आत्या, तुमच्या हातांचे फोटो काढायचेत. काढू का?”

आत्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. गेल्या आठ महिन्यांत तिला कोणी काही विचारलं असेल तर ते हे पहिलंच.

“काढ,” ती म्हणाली. “आणि केसांचापण काढ.”

निरांजनं पिशवीतच राहिली.

*

महापालिकेच्या रुग्णालयातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी एकेक जखम मोजून लिहिली. मनगटांवरच्या खुणा एका दिवसाच्या नाहीत, असंही लिहिलं. रक्त तपासायला पाठवलं. वजन भरलं एकतीस किलो. मार्चमध्ये ते सेहेचाळीस होतं.

बाहेरच्या बाकावर भावंडं बसली. क्षिप्रा औषधं आणायला गेली होती.

“पोलिसात जायलाच पाहिजे का?” सलिल म्हणाला. “आपण काढलं ना तिला बाहेर. आता चांगली ट्रीटमेंट देऊ. माणूस ठेवू.”

“आणि तिथल्या बाकीच्यांचं?”

“ताई, माझी सही आहे त्या कागदावर. उद्या कोर्टात तो कागद दाखवतील. सख्ख्या भाच्यानं आत्याला बांधून ठेवायची परवानगी दिली, असं वाचून दाखवतील. लोक काय म्हणतील ते सोड. ती काय म्हणेल?”

उत्तराच्या तोंडाशी आलेलं तिखट उत्तर तिथेच थांबलं. तीन वर्षांचा होता तेव्हा काही फोडलं, सांडलं की हा असाच कपाटामागे जाऊन बसायचा आणि आत्या हाक मारून मारून त्याला बाहेर काढायची.

“मला ती बावीस शनिवार सांगत होती, सलिल,” उत्तरा म्हणाली. “मी तिची चेष्टा केली. तू सही केलीस, मी हसले. तुझं कागदावर आहे, माझं कुठेच नाही, म्हणून मी तुझ्यावर ओरडू शकते. एवढंच.”

सलिलनं चष्मा काढून डोळे पुसले.

सोमवारी क्षिप्रानं रजा टाकली आणि कल्याण कोर्टातल्या विधी सेवा समितीच्या खोलीत जाऊन अर्ज दिला. मोफत वकील मिळायला बाईमाणसाला उत्पन्नाचा दाखला लागत नाही, हे तिला तिथेच कळलं. मंगळवारी सकाळी समितीनं दिलेली वकील वॉर्डात आली. रुचिता नाव, वय असेल पस्तीसच्या आसपास, खांद्याला कापडी पिशवी.

गोळ्यांचा अंमल उतरल्यामुळे आत्याचा चेहरा स्वच्छ दिसत होता. क्षिप्रानं बाजारातून तात्पुरता चष्मा आणला होता, तो नाकावर होता.

“आजी, कशा आहात?”

“आजी नको. मी कोणाची आजी नाही. एक्स्चेंजात टिपणीस मॅडम म्हणायचे.”

“बरं, टिपणीस मॅडम.” रुचिता हसली आणि इतरांकडे वळली. “तुम्ही सगळे बाहेर थांबा. मला फक्त यांच्याशी बोलायचंय.”

“आम्ही घरचेच आहोत,” उत्तरा म्हणाली.

“म्हणूनच.”

अर्धा तास ते तिघं दाराबाहेर उभे राहिले. उत्तराला त्या बंद दाराचा राग आला आणि मग त्या रागाची लाज वाटली. आत कोणी काय सांगतंय, हे आपल्याला कळलंच पाहिजे असं का वाटावं? निगुतीतल्या त्या भोकं पडलेल्या दाराची तिला आठवण झाली. हे दार निदान आत्यासाठी लागलेलं होतं.

रुचिता बाहेर आली. “त्यांना तक्रार करायची आहे. स्वतः. दुपारी पोलीस इथे येतील जबाब घ्यायला. या वयाच्या बाईंना जबाबासाठी पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही. त्यांची एक अट आहे. जबाब तुम्हा तिघांच्या समोर देणार.”

सलिलनं घसा खाकरला. “मॅडम, ते संमतीपत्र. माझी सही…”

“पाहिलं मी. सही तुमची, हात त्यांचे. शुद्धीवर असलेल्या माणसाच्या हातांबद्दल दुसऱ्यानं दिलेली संमती कसली? आणि रोज संध्याकाळी बांधायची, उपाशी ठेवायची, जखम चिघळू द्यायची संमती कोणीच देऊ शकत नाही. त्या कागदामागे त्यांना लपता येणार नाही.” ती थांबली. “तुम्हालाही नाही. वाचायला हवा होता.”

“हो,” सलिल म्हणाला.

तेवढ्यात जिन्यावरून गंगुबाई वर येताना दिसली. ती लोकलनं दिवा स्टेशनाहून आली होती. “पाण्याचा टँकर यायच्या आत परत जायचंय, ताई. पण काय सांगायचं ते सांगून जाते,” ती म्हणाली. कुंडलिकनं तिला कालच कामावरून काढलं होतं. उत्तराला तिच्याकडे बघवत नव्हतं आणि तिच्यावाचून भागणारही नव्हतं. तिनं बाकावर सरकून जागा केली. गंगुबाई मात्र खाली फरशीवर बसली, तेव्हा उत्तरानं तिचा दंड धरून तिला वर घेतलं.

*

दुपारी फौजदारबाई आल्या, सोबत लिहायला एक हवालदार. आत्याला उशा लावून बसवलं.

“नाव सांगा.”

“माझं नंतर लिहा,” आत्या म्हणाली. “माझ्या शेजारच्या खाटेवर एक बाई आहे. रसिका नाव आहे तिचं. अर्धांगवायू झालाय, तिला बोलता येत नाही. तिच्याकडे वर्षभरात कोणी आलेलं नाही. तिला दिवसातून एकदा पेज देतात. मी बोलू शकते, म्हणून माझी सुटका झाली. आधी तिचं लिहा.”

फौजदारबाईंनी हवालदाराकडे पाहून मान हलवली. त्यानं लिहिलं.

मग आत्या बोलत गेली. हळू, थांबत थांबत, पण तारीखवार. एका वेळी बारा लाइन लक्षात ठेवायची सवय असलेली ती बाई. कुठल्या तारखेला चष्मा घेतला. कुठल्या दिवशी केस कापले आणि कापताना तिला दोघींनी कसं धरलं होतं. गणपतीच्या दिवसांत तिनं पाणी मागितलं तेव्हा ‘मग पुन्हा चादर ओली करशील’ असं कोण म्हणालं. गंगुबाईचं नाव तिनं टाळलं नाही. “हिनं बांधले. आणि दोनदा कोणी नसताना सोडले, पाठ धुतली. दोन्ही लिहा.” दारापाशी गंगुबाईनं खाली मान घातली.

“घरच्यांना सांगायचा प्रयत्न केलात?”

“केला. भाचीला फोनवर सांगितलं. तिला कळलं नाही.” उत्तरानं डोळे मिटले. “भाचा बारा ऑक्टोबरला आला होता. हॉलमध्ये आम्ही बसलो. कुंडलिक शेजारी उभा होता. मी भाच्याच्या शर्टाची बाही धरली आणि सोडली नाही. मला वाटलं, त्याला कळेल.” आत्या थांबली. पाण्याचा घोट घेतला. “तो म्हणाला, आत्या, बाही सोड, घोडबंदरला ट्रॅफिक लागेल. आणि माझी बोटं एकेक करून सोडवली. हळूच सोडवली. दुखवलं नाही.”

वॉर्डात पंखा फिरत होता. हवालदाराचं पेन थांबलं होतं.

“हे केसच्या कामाचं नाही तसं,” तो फौजदारबाईंना म्हणाला. “घरगुती आहे.”

“लिहा,” सलिल म्हणाला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता. “तिनं सांगितलं ते सगळं लिहा. मला कळायला हवं होतं, मला कळलं नाही. तेपण लिहा. माझा जबाब वेगळा घ्या, त्यात मी सांगतो.”

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही. “लिहा,” तीही म्हणाली.

पूर्ण जबाब वाचून दाखवल्यावर तिनं दोन ठिकाणी दुरुस्ती सांगितली आणि सही केली.

गुन्हा नोंदला गेला. रुचितानं प्रांताधिकाऱ्यांकडे आणि समाजकल्याण खात्याकडेही प्रती दिल्या. आठवड्याच्या आत निगुतीची तपासणी झाली आणि उरलेल्या एकवीस म्हाताऱ्यांच्या नातेवाइकांना फोन गेले. एकोणीस आले. रसिकाबाईंसाठी कोणी आलं नाही. त्यांना त्याच रुग्णालयात, आत्याच्या शेजारच्या खाटेवर आणलं गेलं. आत्या त्यांना रोज सकाळचं वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवायला लागली. कुंडलिकला अटक झाली आणि जामीनही मिळाला. खटला चालायला वर्षं लागतील, हे रुचितानं आधीच सांगून टाकलं होतं. “कोर्टाच्या तारखेला मी येईन,” आत्या तिला म्हणाली होती, “तू तेवढी वेळेवर ये.”

*

घरी सोडायचं ठरलं त्या सकाळी पुन्हा तोच प्रश्न निघाला.

“माझ्याकडे,” उत्तरा म्हणाली. “तळमजल्यावरची एक जागा भाड्यानं मिळतेय. मी घर बदलते.”

“मी घरून काम मागून घेतलंय,” सलिल म्हणाला. “तीन दिवस मी, बाकी दिवस माणूस. ताई, तुझा गुडघा…”

“तिला विचारा,” औषधांची पिशवी भरता भरता क्षिप्रा म्हणाली.

आत्या खाटेवर पाय खाली सोडून बसली होती. पोपटी नारायणपेठ अखेर आज नेसली होती. अंगावर ती दुप्पट मोठी वाटत होती.

“क्षिप्राकडे,” आत्या म्हणाली.

क्षिप्राचा हात पिशवीतच थांबला. “आत्या, मी मार्चमध्ये नको म्हणाले होते.”

“म्हणाली होतीस. माझ्या तोंडावर. या दोघांनी मला गोड बोलून तिथे पाठवलं. माझ्याकडे बघून खरं काय ते तू एकटीच बोललीस.” ती जरा दम घ्यायला थांबली. “मला जड झाले की तू सांगशील. मग मी ऐकेन, आपण दोघी मिळून ठरवू. न सांगता कुठे नेणार नाहीस एवढं मला कळतं. झालं की नाही?”

“माझी चिडचिड होईल हो, आत्या.”

“माझीपण होईल. मी काय कमी आहे?”

क्षिप्रा हसली आणि हसता हसता तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. उत्तराला वाईट वाटलं, लपवायचं कशाला. सात वर्षांची असल्यापासून या बाईवर आपला पहिला हक्क आहे असं ती धरून चालली होती. पण मग ती उठली आणि पिशवीचं दुसरं टोक धरायला क्षिप्राशेजारी जाऊन उभी राहिली.

“रविवारी मी येणार,” ती म्हणाली. “न कळवता.”

“या ना, उत्तराताई. किल्लीच ठेवा एक.”

आत्या रसिकाबाईंच्या खाटेकडे वळली, त्यांच्या हातावर हात ठेवला. “गुरुवारी येते. पेपर राखून ठेव,” असं म्हणाली. मग इकडेतिकडे बघत पायानं जमीन चाचपू लागली.

सलिल चटकन खाली बसला. जबाबाच्या त्या दुपारपासून आत्या त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. तो रोज येत होता, बसत होता, फळं कापून ठेवत होता आणि जात होता. त्यानं खाटेखालच्या चपला ओढून काढल्या, रुमालानं पुसल्या आणि फरशीवर गुडघे टेकून एक चप्पल हातात धरून थांबला. पायाला हात लावावा की नाही, त्याला कळेना.

आत्या समोरच्या भिंतीकडे बघत राहिली. पुष्कळ वेळ बघत राहिली. मग तिनं पाय पुढे केला.